अडीच मीटरची चूक

शिरोली एमआयडीसी, शेड नंबर तीन.
रविवारी भट्टी थंड असताना
जमिनीवर खडूनं घरं आखली,
ठिकरी खेळायला पोरी आखतात तशी.
प्रत्येक घरात वीस सेकंद उभी राहिले,
आधी तोंड उत्तरेला, मग पाठ.
छताला टांगलेले सहा डबे
इथून किती मोठ्यानं ऐकू येतात ते लिहून घेतलं:
उणे त्रेसष्ट. उणे एकाहत्तर. उणे अठ्ठ्याऐंशी.
प्रत्येक घराचा आकडा वेगळा.
वाळूच्या ढिगापाशी एक, पाण्याच्या माठापाशी दुसरा.
संध्याकाळी उद्यमनगरात परतले
तेव्हा गुडघ्यापर्यंत काळी होते.

सोमवारी हेल्मेटं वाटली, आत बिल्ला चिकटवलेला.
दस्तगीर मुजावर, मोल्डिंग, बत्तीस वर्षं,
बिल्ला नंबर एकेचाळीस.
हेल्मेट उलटं करून बघत म्हणाले,
"मला कशाला हुडकतीस गं पोरी?
मी काय हरवलोय व्हय?"

सांगितलं: भट्टीजवळ कुणी गेलं तर भोंगा वाजेल.
"आणि न्हाई गेलं तर?"
तर साहेबांना केबिनमधून दिसेल कोण कुठं आहे.
"हां," म्हणाले. "आसं सांग की."

मग डोळे मिटले.
ठोकण्याच्या आवाजावरनं बोट दाखवत गेले:
तो बाजीराव, दोन नंबर पेटीपाशी, डावखुरा.
त्यो नवा पोरगा, हात अजून बिचकतोय.
आणि तिकडं कोपऱ्यात कुणीच ठोकत न्हाई,
म्हंजे शिवगोंडा तंबाखू मळतोय.
मी बघून आले. मळत होता.
माझी चूक तेव्हा अडीच मीटरची होती,
त्यांची हातभर.

माणूस मध्ये आला की सिग्नल पडतो.
आपण बहुतेक पाणीच, गिळून टाकतो.
लोखंड गिळत नाही, ते परतवतं.
हे मला पाठ होतं. तरी

बुधवारी, अकरा चाळीसला,
ओतीव मालाची थप्पी दारापाशी लागली
आणि एकेचाळीस नंबरचा ठिपका
माठापासून उडाला,
थेट भट्टीत.

चार सेकंद.
भोंगा. कुणी लॅडल सोडला, कुणी मेन स्विच पाडला,
बाजीराव नावानं ओरडत धावला
आणि मी पडद्यासमोर, हात कीबोर्डवर,
माणूस वितळताना कसा दिसतो
ते न दिसणाऱ्या त्या निळ्या टिंबाकडं बघत.

दस्तगीरचाचा माठाशेजारी होते.
एका हातात तांब्या, दुसऱ्यात भडंगाचा कागद.
"कोण पडलं?" त्यांनीच विचारलं.

रात्री बसून गणित बदललं.
माणूस एका सेकंदात चौदा मीटर उडत नाही,
एवढं यंत्राला शिकवायला दोन वाजले.
आता ते नव्या बातमीवर लगेच विश्वास ठेवत नाही,
आधी तो मघाशी कुठं होता ते विचारतं,
मग हळूहळू सरकवतं.
चूक सव्वा मीटरवर आली.
साहेब खूश. बिल पास.

ते चार सेकंद कच्च्या नोंदीत अजून आहेत.
पुसायला सांगितलेत. पुसेन.

दिवाळीच्या आधी चाचा रिटायर झाले.
हेल्मेट खिळ्याला लावून गेले.
नोंदणीतून नाव काढायचं काम स्टोअरचं,
स्टोअर म्हणतं एचआरचं,
त्यामुळं एकेचाळीस नंबर रोज हजर असतो,
पहिल्या पाळीला, दुसऱ्या पाळीला, रविवारी सुद्धा,
मोल्डिंगच्या भिंतीपाशी, साडेपाच फुटांवर.
हलत नाही. कधी उडत नाही.
सगळ्या शेडमध्ये एवढा अचूक ठिपका दुसरा नाही.

परवा फोन केला, सहजच.
मागं रेडिओ, कुकरची शिट्टी.
"कुठं आहात, चाचा?"
"वळख," म्हणाले,
आणि फोन कशावर तरी ठेवून
बोटांनी ठोकायला लागले.